मुद्दा बरोबर असूनही पटत का नाही?

"माझं म्हणणं चुकीचं नसतं. आकडे असतात, कागद असतात. पण मी उभी राहिले की कुणाला पटतच नाही. आत्मविश्वास वाढवायचा काही उपाय सांगा." ही तक्रार समुपदेशनात वरचेवर येते. येणाऱ्याने निदानही स्वतःच करून आणलेलं असतं: आत्मविश्वास कमी. बऱ्याचदा ते अर्धंच खरं निघतं.

या बाई तिशीतल्या, कारखान्यात देखभाल अभियंता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एक जुना पंप बदलावा असं त्यांनी समितीसमोर दोनदा मांडलं आणि दोन्ही वेळा "बघू पुढे" एवढंच ऐकून परत आल्या. दुसऱ्या वेळी तर मध्येच एक वाक्य आठवेना, तशाच खाली बसल्या. तेव्हापासून बैठकीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

पहिल्या सत्रात त्यांना तेच भाषण उभं राहून पुन्हा करायला सांगितलं. सुरुवातीला हात थरथरले, आवाज चढला. दीडेक मिनिटात दोन्ही जागेवर आलं. भीती होती, पण भाषण बुडवण्याइतकी नव्हती. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. 55 मध्ये वक्त्यावर जो संवादग्रंथ लिहिला, त्यात क्रॅसस हा नामांकित वक्ता सांगतो की भाषण सुरू करताना आपला चेहरा पांढरा पडतो आणि अंग कापतं. हे ऐकून बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. अर्थात बोलावं लागेल या धास्तीने कुणी सहा-सहा महिने कामं, बढती, माणसं टाळत असेल, तर वक्तृत्वाच्या धड्यांनी भागत नाही. तिथे रीतसर उपचारच लागतात. यांचं तसं नव्हतं.

मग मसुदा समोर ठेवून फक्त क्रियापदांखाली रेघा मारायला सांगितल्या. पहिल्या बारा वाक्यांतली नऊ भूतकाळातली निघाली. "गेल्या वर्षी मी लेखी कळवलं होतं, पण लक्ष दिलं गेलं नाही", या थाटाची. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने भाषणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. न्यायालयातलं भाषण घडून गेलेल्या गोष्टींवर असतं, प्रश्न असतो दोष कुणाचा. सभेतलं भाषण पुढे काय करावं यावर, प्रश्न हिताचा. तिसरं समारंभातलं, स्तुती-निंदेचं. बाईंना पुढचा निर्णय हवा होता आणि त्या चालवत होत्या खटला. त्यातून समितीतल्या दोघांनीच आधीचा प्रस्ताव लांबणीवर टाकलेला. ज्याला पिंजऱ्यात उभं केलं, तो आधी स्वतःचा बचाव करणार, मंजुरीचं नंतर.

वाक्य बदललं ते असं: "पुढच्या तिमाहीत हा पंप बंद पडला, तर उत्पादनाची लाइन किमान दोन दिवस बंद राहील. सुटा भाग हाताशी असेल, तर तो बदलायला चार तास लागतात." माहिती तीच, पण आता कुणाकडे बोट नाही.

यापेक्षाही मोठी गळती दुसरीकडे होती. सात मिनिटांपैकी जवळजवळ चार मिनिटं पंप जुना आहे हे सिद्ध करण्यात जात होती. आणि ते तर कुणी नाकारतच नव्हतं! इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर यासाठी चार प्रश्नांची एक चाळणी आहे, ती आजही उपयोगी पडते. गोष्ट घडली आहे का? घडली असेल तर तिला म्हणायचं काय? ती कितपत गंभीर किंवा योग्य? आणि हे ठरवायचा अधिकार याच मंडळींचा आहे का? वाद यांपैकी कुठे अडलाय ते आधी शोधायचं आणि सगळा जोर तिथेच लावायचा. इथे पहिल्या दोन प्रश्नांवर सगळ्यांचं एकमत होतं. अडलं होतं तिसऱ्यावर: आत्ताच कशाला? शिवाय नव्या पंपाची रक्कम या समितीच्या मर्यादेबाहेरची होती, म्हणजे चौथ्यावरही. दोन्ही वेळा त्या चुकीच्या दारावर धडका मारत होत्या. म्हणून मागणीचे दोन भाग केले. सुटा भाग आत्ता मागवायचा आणि नव्या पंपासाठी फक्त शिफारस घ्यायची.

मांडणीसाठी रोमन वक्ते भाषणाचे जे सहा भाग करत, ते घेतले आणि वेळ वाटून दिली. प्रास्ताविक अर्धा मिनिट, वस्तुस्थिती एक मिनिट, "मी दोन गोष्टी मागणार आहे" हा आराखडा पंधरा सेकंद, पुरावा तीन मिनिटं, आक्षेपांचं खंडन सव्वा मिनिट आणि समारोप एक मिनिट. नवखे वक्ते हमखास खंडन गाळतात. आक्षेप आपणच कशाला सुचवा, असं त्यांना वाटतं. पण "खर्च मोठा आहे" हे समितीच्या मनात आधीच असतं. ते वक्त्यानेच म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला आमची अडचणही कळते. वक्त्यावरचा विश्वास ॲरिस्टॉटल तीन गोष्टींवर ठरवतो: समज, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सदिच्छा. बाईंच्या पहिल्या दोन्ही भक्कम होत्या, तिसरी मात्र भाषणात कुठे दिसत नव्हती.

पुराव्यात पाच मुद्दे होते, तीन ठेवले. क्रम जुन्या लॅटिन पाठ्यग्रंथात सांगितलेला: भक्कम मुद्दे सुरुवातीला आणि शेवटी, लंगडा मध्ये. बाईंनी सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणजे लाइन बंद पडण्याचे दोन दिवस, चौथ्या क्रमांकावर लपवला होता.

"विषय तांत्रिक आहे, भावना कशाला?" हा त्यांचा आक्षेप. भीती ही भावनाच आहे आणि निर्णय पुढे ढकलणाऱ्यांना तीच कमी पडत असते. ॲरिस्टॉटलचं निरीक्षण असं की दूरच्या संकटाला माणूस भीत नाही. आणि सुटकेची काहीच आशा नसेल, तर तो विचारही करत नाही. म्हणून धोका जवळचा दाखवायचा आणि त्याच दमात उपाय सांगायचा. नुसतं "कधीही काहीही होऊ शकतं" म्हटलं, तर दोन्ही अटी मोडतात.

त्या कुठूनतरी असंही ऐकून आल्या होत्या की संवादात 93 टक्के प्रभाव देहबोलीचा आणि आवाजाचा असतो. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतून उचललेला आहे. ते प्रयोग होते सुट्या शब्दांचे आणि त्यांतून आवड-नावड कशी ओळखू येते याचे. भाषणाशी त्याचा संबंध नाही. हातवाऱ्यांवर घालवलेली त्यांची दोन आठवड्यांची मेहनत तिथेच थांबवली.

राहिलं विसरण्याचं. त्या सगळा मजकूर शब्दन् शब्द पाठ करत. एक शब्द निसटला की पुढची माळच ओघळायची. प्राचीन ग्रंथांत शब्दांची आठवण आणि मुद्द्यांची आठवण वेगळी धरलेली आहे. पहिली आणि शेवटची दोन-दोन वाक्यं तेवढी पाठ करायला सांगितली. मधले टप्पे कारखान्यातल्या त्यांच्या रोजच्या वाटेवर ठेवले: फाटकावर वस्तुस्थिती, भांडारात सुटा भाग, पंपाच्या खोलीत बंद पडलेले दोन दिवस, हिशेबाच्या टेबलावर खर्चाचा आक्षेप. मनातल्या मनात चालत जायचं आणि जिथे पोचू तिथलं बोलायचं. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत. आरशासमोर नको, आधीच धास्तावलेला माणूस तिथे स्वतःलाच तपासत बसतो. त्यापेक्षा एखाद्या खवचट सहकाऱ्याला समोर बसवावं आणि त्याला हवं तिथे अडवू द्यावं.

त्या सहकाऱ्याने सरावात विचारलेला प्रश्न बैठकीत जसाच्या तसा आला: "एवढं निकडीचं होतं, तर आधी का नाही सांगितलं?" भूतकाळाकडे खेचणारा हा प्रश्न. उत्तर तयार होतं: "आधीच्या नोंदी आज संध्याकाळी पाठवते, सर. आत्ता सुटा भाग मागवायचा की नाही, एवढं ठरवूया." सुटा भाग मंजूर झाला. नव्या पंपाची शिफारस वरच्या समितीकडे गेली आहे. तिथले श्रोते हिशेबाचे, पंपाची खोली त्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळे वस्तुस्थितीचा एक मिनिटाचा भाग आता नव्याने लिहायला घेतला आहे.