घराभोवती गोचीड, विंचू, साप फार झालेत, गिनी फाऊल (कोंबडीसारखे पक्षी) पाळले तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की शेतात घर आहे, दोन गाई आहेत, मागच्या महिन्यात अंगणात घोणस निघाली आणि कोणीतरी सांगितलं की गिनी पाळा, साप फिरकणार नाही. किड्यांचं म्हणाल तर फरक पडतो, आमच्याकडे पडलाय. सापाचं मात्र अर्धंच खरंय.

आम्ही भोरकडे राहतो, चार वर्षांपूर्वी 10 पिल्लं आणली, त्यातली 7 जगली. सकाळी खुराडं उघडलं की सगळी एका रांगेत निघतात आणि दिवसभर बांध, गोठा, परसातली वांगी असं फिरत नाकतोडे, रातकिडे, वाळवी, गोम, जे दिसेल ते टिपत बसतात. कोंबडीसारखं उकरत नाहीत फार, म्हणून वाफ्यांची नासधूस कमी, पण धुळीत लोळायला एक जागा ठरवून घेतात, आमच्या आईच्या शेवंतीचा वाफा त्यातच गेला, त्यावरून आजही ऐकून घेतो मी.

गोचीड खातात, अमेरिकेत लाँग आयलंडवर केलेला एक अभ्यास 1992 मध्ये छापून आला होता, त्यात गिनी फिरत होते त्या हिरवळीवर मोठे गोचीड कमी झालेले दिसले. पण आपल्या गोठ्यातला गोचीड बराच काळ गाईच्या अंगावरच असतो, रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालते. खाली पडलेली ती मादी गिनी उचलतात, फटीतल्या अंड्यांपर्यंत चोच जात नाही आणि बारीक पिल्लं तर दिसतच नाहीत त्यांना. म्हणजे फटी लिंपून घ्यायच्या, गाईंना डॉक्टरांनी सांगितलेलं औषध लावायचं, ते काही सुटत नाही.

आता साप. दिवसा साप दिसला की सगळे गिनी त्याच्याभोवती गोळा होऊन असा काही कालवा करतात की साप बिचारा कंटाळूनच निघून जातो. एकदा सापाचं वीतभर पिल्लू चोचींनी मारलेलं पण पाहिलंय मी. पण घोणस आणि मण्यार बहुतेक रात्रीचे फिरतात आणि गिनी दिवेलागणीला झोपतात! विंचवाचं पण तेच, तो दिवसा दगडाखाली, लाकडाखाली बसलेला. आम्ही जळण हलवायला घेतलं की ही मंडळी पायात येऊन उभी राहतात, तेव्हा एखादा विंचू मिळतो त्यांना. आणि उलट एक गोष्ट कोणी सांगत नाही, तुम्ही दाणे टाकणार, सांडलेल्या दाण्यांना उंदीर येणार, उंदरामागे साप येणार, शिवाय अंडी आणि पिल्लांवर पण सापाचा डोळा असतोच. आमच्या खुराड्यात पहिल्याच वर्षी धामण सापडली होती. म्हणून संध्याकाळी दाणे मोजकेच टाका, राहिलेले झाडून घ्या, आणि रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाय टाकू नका, गिनी असोत नाहीतर नसोत.

पाळायचेच ठरवलं तर मोठे पक्षी आणू नका, उडून जातात. पिल्लं आणा किंवा अंडी आणून खुडूक देशी कोंबडीखाली बसवा, कोंबडीची 21 दिवसांत फुटतात, याला 26 ते 28 लागतात, त्यामुळे दोन्ही अंडी एकत्र बसवू नका, कोंबडी आधीची पिल्लं घेऊन उठून जाईल. आणि हे जूनच्या आत उरका, कारण पिल्लं भिजली की गेलीच, आमची तीन अशीच ओल्या गवतात गेली. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर एवढ्याशा पाण्यात पण बुडून मरतात. सोडण्याआधी पाच-सहा आठवडे खुराड्यातच ठेवा म्हणजे घर कळतं, आणि रोज संध्याकाळी एकच हाक मारून मूठभर बाजरी टाकायची. ही सवय लागली नाही तर झाडावर झोपतात आणि मग घुबड नाहीतर रानमांजर एकेक उचलतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस जनावरांच्या दवाखान्यात विचारा.

जात विचाराल तर बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, त्यांच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा जाती आहेत. श्वेतांबरी पांढरी असते, दिसायला छान पण मोकळ्यावर लांबून उठून दिसते, मी तरी ठिपक्यांचीच घेईन.

आवाजाचं तुम्ही विचारलंच नाही, पण शेजारघर जवळ असेल तर गिनी आणूच नका हो. कुत्रं आलं, पोस्टमन आला, वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली, सगळ्याला तोच आरडाओरडा. मादी दोन तुकड्यांत ओरडते, आई म्हणते ती 'पै-का, पै-का' करत उधारी मागतीय, नराला ते जमत नाही, तो नुसता एकसुरी चिकचिक करतो, नर-मादी ओळखायची सोपी खूणपण हीच. आमच्या बांधापलीकडचे अण्णा पहिले सहा महिने माझ्याशी बोलत नव्हते, मग आम्ही अंडी पाठवायला लागलो. अंडं कोंबडीपेक्षा लहान, पण कवच एवढं कडक की अण्णा ते उलथन्याने फोडतात.