बेळगावजवळच्या जुन्या खडीच्या खाणीत स्फटिक मिळतात का? शोधायचे कुठे?

मिळतात, पण दगड कुठला आहे ते आधी बघा. चिकोडीपासून गोकाक-खानापूरपर्यंत कुठेही जायची तयारी असली, तरी गोकाक वगळा. घटप्रभेचा धबधबा पडतो तो कडा वालुकाश्म-क्वार्टझाइटचा. खानापूरकडच्या चिऱ्यांच्या खाणी जांभ्याच्या, तिथेही हात हलवत परत याल. आपल्याला हवा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. तो निपाणी-चिकोडीकडे आणि बेळगाव शहराच्या आसपास आहे.

खाणीत शिरलं की सगळे उभ्या कड्याकडे धावतात. तिथे असतो घट्ट दगड, ठेकेदाराला हवा असतो तसा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे थराच्या माथ्याशी अडकले. त्या पोकळ्यांत पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि गारगोटी, कॅल्साइट (चुन्याचं खनिज), झिओलाइट (अशा पोकळ्यांत वाढणारा खनिजांचा गट) धरले. हा भोकाभोकांचा दगड खडीला कच्चा, म्हणून बाजूला फेकलेला असतो. तुमचा माल त्या टाकाऊ ढिगात आहे. पावसाळा सरल्यावर, दगड धुऊन निघालेले असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात ढिगाभोवती फिरा. चकाकतं ते लगेच नजरेत भरतं.

पांढरट-गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेली पात्यांची जुडी, मधे आवळून दोन्ही टोकांना फुललेली दिसली तर बहुधा स्टिल्बाइट, झिओलाइटचाच एक प्रकार. चाकूने ओरखडा उठला नाही तर गारगोटी. ओरखडा उठला आणि व्हिनेगरच्या थेंबाने बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. ही व्हिनेगरची परीक्षा तुटक्या तुकड्यावरच करा. धुताना ॲसिड अजिबात नको (विकणारे वापरतात, तो त्यांचा धंदा), झिओलाइट त्यात खराब होतो. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

जाण्याआधी मालकाला विचारा, खाण बंद दिसली तरी कुणाची तरी असतेच. राखणदाराशी दोन शब्द कन्नडमधून बोललात तर काम सोपं होतं. साचलेल्या पाण्याच्या काठाशी आणि सुटलेल्या दगडांच्या कड्याखाली जाऊ नका. सुरुंगाची भोकं दिसली तर त्यांत पहार घालायची नाही. हातोडा मारताना गॉगल हवाच, बेसाल्टची कपची काचेसारखी उडते. पोकळीवर थेट घाव घालू नका, भोवतीचा दगड छिन्नीने सोडवत या.

घरी नेताना प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि आत गाव, खाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी घाला. ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याला संग्राहक किंमत देत नाहीत.