चौथ्या महिन्यात पॅप टेस्ट, सासूबाई नको म्हणतात

प्रश्न: ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहते, वय ३१, चौथा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. हॉस्पिटलमध्ये नाव घालायला गेले तर मॅडमनी विचारलं पॅप टेस्ट कधी केलीय का, मी म्हटलं ती काय असते, तर म्हणाल्या पुढच्या व्हिजिटला करून टाकू. घरी सांगितलं आणि सासूबाई भडकल्याच, दोन जीवांची बाई, तिथे कशाला हात लावू द्यायचा, काही झालं म्हणजे? आणि खरं सांगू, कॅन्सर म्हटल्यावर मलाच दोन रात्री झोप नाही. टाळलं तर चालेल का?

उत्तर: अगं, मॅडमना तुझ्यात काही संशय आलाय असं नाहीये. कधीच झाली नाही म्हणून सांगितलं त्यांनी. पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची आधीच चाहूल लागावी म्हणून तिथल्या थोड्या पेशी ब्रशने घेऊन तपासतात. सासूबाईंवर चिडू नकोस, त्यांचा जीव बाळात अडकलाय, फक्त टेस्ट कुठे होते ते त्यांना नीट समजावून सांग. बाळ आत पिशवीत, पाण्यात असतं, पिशवीचं तोंड या दिवसांत चिकट द्रवाच्या बोळ्याने बंद असतं, आणि ब्रश फिरतो तो त्या तोंडाशीच, आत बाळापर्यंत जातच नाही. दोन-तीन मिनिटांचं काम. नंतर थोडासा डाग लागू शकतो, कारण गरोदरपणात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्याने घाबरायचं नाही. पण रक्त जास्त गेलं किंवा पोटात कळा आल्या तर थांबू नकोस, लगेच दाखव. आणि आधीपासूनच रक्त जात असेल, वार खाली असेल तर मॅडमना आधी सांग, त्या ठरवतील आत्ता करायची की नंतर.

रिपोर्टमध्ये गडबड निघाली म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही. एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे तिथल्या पेशी बदलतात, त्यातून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १५-२० वर्षं जातात. म्हणून गरोदरपणात सहसा दुर्बिणीतून बघून लक्ष ठेवतात आणि ट्रीटमेंटची गरज पडलीच तर ती बाळंतपणानंतर.

टाळायचंच असेल तर सव्वा महिन्यानंतरच्या तपासणीला कर, चालतं. पण मला त्याची धास्ती वाटते, कारण तेव्हा रात्रीची जागरणं, अंगावर पिणारं बाळ, मग ऑफिस, त्यात स्वतःसाठी दवाखान्यात कोण जातं गं? आत्ता तू दर महिन्याला तिथे जातेच आहेस. २०२२ मध्ये आपल्या देशात या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून जास्त नवीन केसेस झाल्या आणि जवळपास ८० हजार बायका गेल्या, हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं, कारण वेळेत सापडला तर तो बरा होतो. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांची पिशवीच्या तोंडाला नुसतं व्हिनेगर लावून, डोळ्यांनी बघून तपासणी केली, त्यानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आणि सासूबाईंची कधी झालीय का ते विचार. सरकारी कार्यक्रमात ही व्हिनेगरवाली तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे, त्यात बसत असतील तर पुढच्या व्हिजिटला त्यांनाही बरोबर ने.