‘सर्पदंशाची लस’ म्हणावे का?

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत ‘आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नाही’ अशा मथळ्यांच्या बातम्या दिसू लागतात. त्यावर एका वाचकाने विचारले आहे की, लस रोग होण्याआधी टोचतात आणि हे इंजेक्शन तर साप चावल्यावर देतात, मग त्याला लस म्हणणे चुकीचे नाही का? जोडीला ‘लसीचा’ लिहावे की ‘लशीचा’, अशीही त्यांची शंका आहे.

आजच्या अर्थाने पाहिले तर हा प्रयोग चुकीचा आहे. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर मात्र तो ‘पोलिओची लस’ या प्रयोगापेक्षाही बरोबर ठरतो. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, हे पाहण्याजोगे आहे.

लस म्हणजे अंगातून पाझरणारा पातळ, चिकटसर द्रव. पोराचा गुडघा फुटला आणि दोन दिवसांनी खपली ओलसर दिसली की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, “अजून लस येतेय, पाणी लावू नकोस.” खरजेच्या फोडांतून आणि जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्यातून वाहते तीही लसच. संस्कृत ‘लसिका’ या शब्दाशी तिचे नाते आहे आणि शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांतल्या लसीका ग्रंथी त्याच घरातल्या. शेजारच्या भाषांतही हेच घडले आहे. गुजरातीत ‘रसी’ म्हणजे पू आणि रसी म्हणजेच लस, कन्नडमध्ये ‘लसिके’. हिंदीने आणि बंगालीने मात्र द्रवाकडे न पाहता कातडीवर उरणाऱ्या खुणेकडे पाहिले आणि ‘टीका’ हा शब्द घेतला.

फोडातल्या पाण्याचे नाव रोगप्रतिबंधाच्या साधनाला मिळाले, कारण सुरुवातीला ते साधन अक्षरशः फोडातले पाणी होते. 14 मे 1796 रोजी इंग्लंडमधल्या बर्कली या गावी एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या, गाईपासून आलेल्या देवीच्या फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडाला टोचला. युरोपीय भाषांतल्या ‘व्हॅक्सिन’ या शब्दात लॅटिनमधली गाय आहे, ती इथली. मुंबईत ही लस 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ती बगदाद आणि बसरामार्गे आली होती. त्या काळी शीतपेटी नव्हती, त्यामुळे लस टिकवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच्या दंडावर फोड उठवून त्यातले पाणी दुसऱ्याच्या दंडाला टोचणे. ॲनाच्या दंडावरच्या फोडातून पुढे आणखी मुलांना लस टोचण्यात आली. अशा व्यवहाराला मराठी माणसाने ‘लस’ म्हटले, यात नवल नाही. (त्याच व्यवहाराला ‘देवी काढणे’ असेही म्हणत, म्हणजे रोगाचे आणि त्यावरच्या उपायाचे नाव एकच.)

अर्थ सरकला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा अँथ्रॅक्स या रोगांचे जंतू दुबळे करून ते टोचले आणि 1881 साली, जेन्नर यांच्या सन्मानार्थ, अशा सर्वच टोचण्यांना ‘व्हॅक्सिन’ म्हणावे असे सुचवले. युरोपीय शब्दातून गाय गेली, तशी मराठी शब्दातून ओल गेली. 1897 साली प्लेगच्या ऐन साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. ती कोणाच्या फोडातून काढलेली नव्हती. द्रवात वाढवून उष्णतेने मारलेले जंतू तिच्यात होते. तरीही ती लसच झाली. तेव्हापासून लस म्हणजे ओळख पटवण्यासाठी शरीराला दिलेला रोगाचा निरुपद्रवी नमुना. तो पाहून शरीर स्वतः प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना किंवा विषाला निष्प्रभ करणारी रक्तातली प्रथिने, तयार करते, त्याला काही आठवडे लागतात, पण ती आठवण दीर्घकाळ राहते.

सर्पदंशावरच्या औषधाचे काम याच्या उलट चालते. घोड्याला सापाचे विष अगदी अल्प मात्रेत टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार झाली की ते रक्त काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून, उरलेल्या द्रवातून ती प्रतिपिंडे मिळवतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर मिळून एकच औषध असते. म्हणजे एका अर्थी लसीकरण होते ते घोड्याचे. माणसाला मिळते ती घोड्याने कमावलेली प्रतिकारशक्ती, तीही उसनी आणि थोड्या दिवसांची. तिचा गुण लगेच येतो, आठवण मात्र काहीच राहत नाही. आणि शेवटी ही प्राण्याच्या अंगातून काढलेल्या द्रवातलीच वस्तू असल्याने, म्हातारीच्या ‘लस येतेय’मधली लस आज जर कुठे उरली असेल, तर ती या कुपीत आहे.

उसन्या प्रतिकारशक्तीची कल्पना गोठ्यात नवी नाही. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात, कारण गाईच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती त्याला मिळतात चिकातून, तेही पहिल्या काही तासांतच त्याच्या आतड्यातून रक्तात जाऊ शकतात. म्हणून खरवसाचा विचार करण्याआधी वासराला चीक पोटभर पाजावा. चिकाला आपण लस म्हणत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा माझे मत असे की, मूळ अर्थ कितीही जुळत असला तरी बातमीत ‘सर्पदंशाची लस’ लिहू नये. ‘प्रतिविष’ हा शब्द छोटा आहे, नेमका आहे आणि रूढही होत आहे. हा केवळ कोशातला काटेकोरपणा नाही. ‘लस’ असे वाचणाऱ्याला साहजिकच वाटू शकते की, ती आधी घेऊन ठेवली की शेतात जायला मोकळे, किंवा एकदा घेतली की पुढच्या दंशाचीही सोय झाली. दोन्ही समजुती जिवावर बेतणाऱ्या आहेत. कुत्रा चावून खोल जखम झाली तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे दोन्ही गोष्टी देतात: दंडात रेबीजची लस आणि जखमेत व तिच्या भोवती तयार प्रतिपिंडे. लशीचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस तयार प्रतिपिंडे किल्ला लढवतात. दोन्हींना ‘लस’ म्हटले की, ‘लस तर घेतली’ असे सांगून माणूस दुसरे इंजेक्शन न घेताच घरी जाऊ शकतो.

याच प्रकारातला आणखी एक शब्द म्हणजे ‘घटसर्प’. लहान मुलांच्या घशात पडदा धरणारा घटसर्प वेगळा आणि पावसाळ्याच्या तोंडावर ज्याची लस गुरांना टोचतात तो घटसर्प वेगळा. दोन्हींचे जंतू निराळे, लशी निराळ्या. गळ्याशी सूज आणि घुसमट दोन्हींत दिसते, एवढ्यावरून नाव एक पडले असावे, असा माझा तर्क आहे. ‘घटसर्पाची लस’ लिहिताना ती मुलांची की गुरांची, हे सांगितलेच पाहिजे.

आता ‘लसीचा’ की ‘लशीचा’. तुळस–तुळशीचा, म्हैस–म्हशीचा, घूस–घुशीचा ही वळणे पाहता ‘लशीचा’ आणि ‘लशी’ ही रूपे मराठीच्या जिभेला सरळ येतात, आणि मी तीच लिहितो. ‘लसीचा’ही छापील मजकुरात सर्रास आढळते, त्यावर लाल रेघ ओढावी असे मला वाटत नाही. ‘लशीकरण’ मात्र कोणी लिहू नये, कारण ‘लसीकरण’मधला ‘सी’ सामान्यरूपाचा नाही. तो शुद्धीकरण, एकीकरण यांतला संस्कृत ‘ई’ आहे आणि त्याचा अर्थ ‘जे मुळात तसे नाही ते तसे करणे’ असा होतो. काटेकोर वैयाकरण त्यावरून म्हणेल की, लसीकरण म्हणजे लस नसलेल्या वस्तूची लस करणे, आणि दंडाला सुई टोचून असे काही होत नाही. 1802 सालच्या मुंबईत मात्र नेमके तेच होत होते: आठवडाभराने ॲनाच्या दंडावर लस तयार झाली होती आणि पुढची मुले तिची वाट पाहत होती.