आवाज उतरतो कुठं ते बघ

काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. जमिनीत गाडला गेलेला पाण्याचा लोखंडी व्हॉल्व्ह शोधायचं ते मशीन बिघडलंय, सगळ्या गल्लीभर ओरडतंय म्हणालास. अरे पोरा, पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट, कमरेला चाव्यांचा जुडगा, बाजूला लावलेल्या मोटारसायकली, मग ते ओरडणार नाही तर काय! आधी चप्पल घालून जा.

मशीनच्या नळीत चुंबकत्व ओळखणारे दोन सेन्सर असतात, साधारण अर्धा मीटर अंतरावर. पृथ्वीचं चुंबकत्व दोघांना सारखंच लागतं म्हणून ते वजा होतं आणि उरतो तो फरक, तेवढाच आपल्याला ऐकू येतो. पितळ, तांबं, पीव्हीसी त्याला कळतच नाही. पण आपल्या सोलापूरचा काळा दगड कळतो, लाव्हा थंड होताना साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच त्यात चुंबकत्व बसलंय. म्हणजे भरावातला एखादा गोटाही तुला फसवणार. म्हणून आवाज चढला की थांबू नको, उतरतो कुठं ते बघ. पूर्व-पश्चिम चाल, मग त्याच जागेवरून दक्षिण-उत्तर चाल. गेन, म्हणजे मशीनचा तिखटपणा, कमी कर, नळीचं टोक जमिनीपासून दोन बोटांवर आण. उभा व्हॉल्व्ह असेल तर दोन्ही वेळेला आवाज एकाच ठिकाणी टोकदार होतो, बोटानं दाखवता येईल इतका. आडवा बिडाचा पाइप असेल तर मधे गप्प आणि टोकाला, जोडाला ओरडतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. आमच्यातल्या म्हाताऱ्या चावीवाल्यानं, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्यानं, सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मे महिना, गल्लीत चार दिवसांनी पाणी यायचं, वरून घाई, मी पहिल्याच आवाजावर टिकाव मारायला लावला. तीन खड्डे. व्हॉल्व्ह निघाला सहा फूट पलीकडं डांबराखाली, आणि त्या पाळीचं पाणी गेलं. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, कुणी बोललं नाही. घाई माझी नव्हती हे खरंय, आजही म्हणीन. पण खण म्हणालो मीच.

तेव्हा मशीनला दोष देऊ नको, मला राग येतो. उतरतो कुठं ते बघ, उतरतो कुठं ते! उद्या वर्दळ सुरू व्हायच्या आत जा, दोन्ही बाजूंनी चालून खडूनं फुली मार, फोटो पाठव. मी बघेपर्यंत टिकाव टेम्पोतनं काढायचा नाही.