लाकूड आधी निघालं, तर भिंत कशावर उभी राहणार?

प्रश्न : वाईला आमचा आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे. आता तो उतरवायचाच आहे. एक ठेकेदार म्हणतो, ‘तुम्ही एक पैसा देऊ नका. सागवान मला द्या, वर मीच दीड लाख देतो.’ दुसरा दोन लाख मागतो, पण लाकूड आमचंच राहील. शेजारच्या काकूंची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. काम कोणाला द्यावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पैसे देऊ करणाऱ्याला लगेच होकार कळवू नका. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. जुन्या लाकडाच्या बदल्यात वाडा उतरवून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण त्याची कमाई ज्या लाकडात, त्याच लाकडावर वाड्याचा भार. खांब आणि तुळयांच्या सांगाड्याला धरून मातीच्या भिंती तग धरतात.

माझ्या माहेरी, साताऱ्याला, ठेकेदाराने दोन दिवसांत तुळया ओढून नेल्या आणि भिंतींसाठी आठ दिवस फिरकलाच नाही. वळवाचा पाऊस झाला, भिंत पाणी प्यायली आणि रात्री शेजाऱ्यांच्या गोठ्यावर कोसळली. गाय त्या दिवशी अंगणात बांधली होती, म्हणून वाचली. शेजाऱ्यांपुढे उभे राहिलेले वडील मला अजून आठवतात.

म्हणून दोघांनाही वाड्यात फिरवा आणि एवढंच विचारा, ‘सुरुवात कुठून कराल?’ जाणकार माणूस वरून खाली येईल : आधी कौलं, मग वासे आणि आढं (छपराच्या माथ्याची आडवी तुळई), मग माडीवरची माती, तिच्याखालचा कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), आणि बरोबरीने त्या मजल्याच्या भिंती. राडारोडा माडीवर साठू देणार नाही, कारण त्याच्या वजनानेच खालचा मजला बसतो. ‘जेसीबी लावतो, दोन दिवसांत मोकळं’ असं उत्तर आलं, तर सामाईक भिंत असलेल्या घरात त्याला पाऊल टाकू देऊ नका.

त्या भिंतीत बहुधा काकूंच्याही तुळयांची टोकं असतील. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा आणि टेकू कुठे लागतील ते लिहून घ्या. काकूंच्या बाजूचे, असलेल्या तड्यांसकट, फोटो काढून दोघांच्या सह्या करा. तुमची बाजू उघडी पडली की तिला पाऊस लागणार. गिलाव्याचा खर्च आत्ताच धरा.

नगरपरिषदेची परवानगी, वीजजोड तोडल्याचा कागद आणि मजुरांचा विमा हाती आल्याशिवाय एक कौलही हलवू देऊ नका. ठेकेदाराने आधी पाडलेल्या एखाद्या घराचा पत्ता घ्या आणि मालकाला नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांना भेटा. ते खरं सांगतात.

राडारोड्याची जबाबदारी 2016 च्या केंद्रीय नियमांनीही तो करणाऱ्यावर टाकली होती. तो कुठे टाकणार ते करारात लिहा. कृष्णेच्या काठाला एक ट्रॉलीही जाता कामा नये. शेवटचा हप्ता जागा साफ झाल्यावरच.

मी दुसऱ्याला काम देईन, तोही क्रम नीट सांगत असेल तर. मात्र खांब-तुळया आधी मोजून, लांबी-जाडीसह यादी करा आणि लाकडाचा भाव दोन वखारींत विचारा. दोन लाखांतले बरेचसे तिथेच सुटतील. काम दिवाळीनंतर काढा, आणि भिंतीला हात लागेल ते दिवस काकूंची राहण्याची सोय तुमच्या खर्चाने दुसरीकडे करा.