कंपनीच्या लॅपटॉपवरचे खासगी संदेश वाचण्याचा अधिकार कंपनीला असतो का?

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवरून आपण बहिणीला पाठवलेल्या संदेशातील मजकूर वरिष्ठांनी आपल्याला ऐकवला, आणि आपण हरकत घेतल्यावर "लॅपटॉप कंपनीचा, म्हणून त्यावरचे सगळे कंपनीचे" असे उत्तर मिळाले, असे आपण लिहिले आहे. हे उत्तर मला मान्य नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी हाताळण्याचे काम करताना हा युक्तिवाद मी वारंवार ऐकला आहे, आणि तो ऐकून माणसे पुढे काहीही न विचारता गप्प बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, याला महत्त्व जरूर आहे. परंतु देखरेख होणार असल्याचे आधी कळवले होते का, ती कशासाठी होती आणि त्यासाठी मजकूर वाचण्याची खरोखर गरज होती का, हे पाहिल्याशिवाय वाद मिटत नाही.

आपल्या प्रकरणाशी मिळताजुळता निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा आहे. रोमानियातील बार्बुलेस्कू या कर्मचाऱ्याने ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. २००७ मध्ये कंपनीने त्यावरचे संभाषण नोंदवले, त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले बोलणे आढळले, आणि कार्यालयीन साधनांचा खासगी वापर केल्याच्या कारणावरून त्यांना कामावरून काढण्यात आले. असा वापर करण्यास मनाई असल्याचे त्यांना ठाऊक होते. तरीही ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी असा निर्णय दिला की, देशातील न्यायालयांनी त्यांच्या खासगी जीवनाचे पुरेसे रक्षण केले नाही. देखरेख किती आणि कशी होईल, संदेशांचा मजकूरही वाचला जाऊ शकतो, हे त्यांना आधी सांगितलेले नव्हते. शिवाय कमी हस्तक्षेपाने तेच काम साधले असते का, याचा विचारच झाला नव्हता. मला या निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की, खासगी वापराला मनाई केली म्हणून त्या साधनांवर लिहिलेले वाचण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच याच दिशेने निर्णय दिला होता.

सर्वत्र संरक्षण इतके भक्कम नाही. अमेरिकेत १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक संपर्काविषयीच्या कायद्यात दुसऱ्याचे संदेश परस्पर पाहण्याच्या मनाईला संमतीचा अपवाद आहे, आणि रुजू होताना सही केलेल्या धोरणपत्राकडे बहुधा संमती म्हणून बोट दाखवले जाते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला असला, तरी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिलेली आहे. पोटापाण्यासाठी नोकरी टिकवणे भाग असलेल्या माणसाने केलेली सही कितपत स्वेच्छेची असते, हा प्रश्न मला या साऱ्यात सर्वांत गंभीर वाटतो. युरोपीय नियमांच्या अंमलबजावणीत तर नोकरीतील संमतीकडे याच कारणाने साशंकतेने पाहिले जाते.

आणि हा विषय केवळ संदेशांपुरता नाही. रजेवरून परतलेल्या कर्मचाऱ्यांशी आपुलकीने बोलून त्यांचे आजार, घरगुती अडचणी, अगदी धार्मिक श्रद्धासुद्धा टिपून ठेवल्याबद्दल एच अँड एम या कंपनीला २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या विदा संरक्षण प्राधिकाऱ्याने सुमारे ३ कोटी ५३ लाख युरो दंड केला. तेथे कोणाचाही लॅपटॉप उघडावा लागला नव्हता.

आता आपण काय करावे, याविषयी. सर्वप्रथम नियुक्तिपत्र आणि संगणक वापराचे धोरण काढून त्यात देखरेखीचा उल्लेख नेमक्या कोणत्या शब्दांत आहे, ते पाहावे. "सुरक्षेसाठी नोंदी ठेवल्या जातील" आणि "संदेशांचा मजकूर वाचला जाऊ शकतो" यांत मोठे अंतर आहे. त्यानंतर मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे की, माझा संदेश कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या परवानगीने पाहिला, आणि त्याची प्रत आता कोणाकडे आहे. भाषा शांत ठेवावी, आरोप करू नयेत. वरिष्ठांशी झालेले बोलणे तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. बहिणीशी होणारा संवाद यापुढे स्वतःच्या फोनवरून, कार्यालयाच्या वायफायशिवाय करावा. मात्र कार्यालयाचे ॲप आपल्या फोनमध्ये टाकण्यास सांगितले गेले, तर ते कोणती माहिती पाहू शकते आणि दुरून फोनमधील माहिती पुसू शकते का, हे आधी विचारून घ्यावे. लॅपटॉपवरचे जुने संदेश मात्र आत्ता घाईने पुसू नका, कारण वाद सुरू झाल्यानंतर पुसलेला मजकूर पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो, आणि तो आपल्यालाच हवा असण्याची शक्यता अधिक आहे.